रत्नव्वाचा पिवळा बेडूक

कळंब्याच्या पुढं, मोठा रस्ता ओलांडला की डाव्या हाताला एक जुनी खण आहे. दगड काढून काढून झालेला खड्डा, त्यात वर्षानुवर्षं पावसाचं पाणी साचलेलं. कोल्हापुरात त्याला कुणी तळं म्हणत नाही, खणच म्हणतात. खणीपासून हाकेच्या अंतरावर रत्नव्वाचं पत्र्याचं घर, आणि त्या घरात गेली तीन वर्षं मासे फसवायचे खोटे बेडूक तयार होतात. हे सांगितलं की माणसं आधी हसतात. कारण रत्नव्वा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मासळीच्या गल्लीतून जायची वेळ आली तर नाकाला पदर लावणारी बाई, आणि धंदा गळाचा! यावरून तिला टोमणा मारणारे पुष्कळ झाले. पण एकदा मारून दुसऱ्यांदा मारायला आलेला अजून कुणी दिसला नाही.

रत्नव्वाच्या रागाची ख्याती ती कबनूरला होती तेव्हापासूनची. तिचा नवरा शिवानंद तिथं एका कारखान्यात बावीस वर्षं माग चालवत होता. एका सकाळी गेला तर माग ट्रकमध्ये चढत होते, भंगारात. मालकानं आदल्या दिवशी तोंडातून शब्द काढला नव्हता. शिवानंद मान खाली घालून घरी आला. त्याच पावली रत्नव्वा गेली. दारात उभी राहून ती अशी काही बोलली, की मालक मागच्या भिंतीवरून उतरून गेला म्हणतात. भिंतीचं खरं-खोटं देव जाणे, पण येताना तिनं कारखान्याच्या कोपऱ्यात पडलेली रंगीत सुताच्या दशांची, कापडाच्या टोकाला उरलेल्या दोऱ्यांची, सहा पोती रिक्षात घातली, आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

त्या सहा पोत्यांवर ती कळंब्यात येऊन नव्यानं उभी राहिली. शिवानंद एका मंगल कार्यालयात राखणीला लागला आणि ही घरी बसून गोंडे बांधू लागली. ब्लाऊजचे गोंडे, तोरणाचे गोंडे, आणि बेंदूर जवळ आला की बैलांच्या शिंगांचे गोंडे. हात असा बसलेला, की बोलता बोलता, भांडता भांडता गोंडा तयार व्हायचा. भांडणातला गोंडा जरा जास्तच घट्ट व्हायचा, एवढंच.

वरद नावाचा तरुण तिच्या दारात आला तो बेंदराच्याच दिवसांत. शहरात कुठल्याशा ऑफिसात नोकरी, सुट्टीच्या दिवशी खणीवर काठी घेऊन मासेमारी, आणि केलेली सगळी मासेमारी मोबाइलवर जगाला दाखवायची हौस. दारावर टांगलेले गोंडे वाऱ्यावर हलताना बघून तो थांबला. खिशातून त्यानं एक गळ काढला, त्याच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली.

"अक्का, याला असा एक गोंडा बांधून द्याल? पाण्यात हलला पाहिजे."

"कशाला?"

"माशाला वाटतं किडा आहे. तो तोंड लावतो."

रत्नव्वानं गळ असा खाली टाकला जसा काही तो चावणारच होता. पण वरद जायला तयार नव्हता. तो मासे खात नाही, मारत नाही, धरतो आणि परत पाण्यात सोडतो, असं त्यानं तीनतीनदा सांगितलं. रत्नव्वाला ते पटलं नाही; पण तो गळ, ती गोळी आणि त्यावर सूत नेमकं कसं बसेल हे कोडं तिच्या हाताला पटलं. कारागिराची ही खोडच असते. डोकं नको म्हणत असतं आणि बोटं आधीच सुरू झालेली असतात.

तिनं दोन अटी घातल्या. एक, गळाच्या टोकाला आत वळलेला जो उलटा काटा असतो, जो माशाचं तोंड फाडल्याशिवाय सुटत नाही, तो ती पकडीनं दाबून सपाट करणार. दुसरी, शपथ. वरदच्या तळहातावर तिनं चिमूटभर विभूती ठेवली आणि म्हणायला लावलं, "धरीन त्यो सोडीन." वरदनं शपथ घेतली. रत्नव्वाला वाटलं, झालं. पाप दाराबाहेरच अडवलं. ज्यानं जन्मात मासा हातात धरला नाही तोच इतक्या सोप्या शपथेवर विश्वास ठेवू शकतो.

मग तिचं कसब फुलत गेलं. अंगणातल्या चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, विटेत कोरलेल्या खळग्यात ओतायचं, गळ त्यातच बसवायचा. महिन्याभरात तिनं बेडूक केला. वरदनं एक परदेशी रबरी बेडूक दाखवला होता, तिनं तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "ह्यो बेडूक कवा चिखलात बसला न्हाई." झिजलेल्या स्लीपरचा तळ कापून तिनं अंग केलं, पोटात शिशाचा बारका तुकडा घातला, आणि मागं सुताचे दोन पाय. पायांची लांबी जमेना, तेव्हा खरे बेडूक आणून धुण्याच्या टाकीत सोडले आणि चार दिवस त्यांची पोहण्याची ढब बघत बसली. शिवानंदनं त्या चार दिवसांत कपडे बाहेरच्या नळावर धुतले. पहिल्या पावसात नर बेडूक हळदीसारखा पिवळा होतो, हेही तिनं खणीच्या काठी पाहिलं होतं. म्हणून तिचा बेडूक पिवळा. गढूळ पाण्यातसुद्धा तो दिसायचा, ओढला की पाय मागं फेकायचा. मरळ म्हणून जो काळा, दांडगा, डोक्याला सापासारखा चपटा मासा असतो, तो त्यावर तुटून पडायचा. सांगली, इचलकरंजी, पार निपाणीपर्यंतचे हौशी मासेमार 'अक्काचा पिवळा' मागू लागले. बावीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर राबलेल्या घरातून पहिल्यांदाच एक वस्तू घरच्या नावानं बाहेर पडत होती. रत्नव्वाला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

यंदाच्या जुलैत वरद आला तो उड्या मारतच. येत्या तिसऱ्या रविवारी खणीवर स्पर्धा ठरली होती. पन्नास मासेमार, प्रत्येकाला एकेक पिवळा बेडूक, आणि त्याच बेडकानं मरळ धरायची. मोजून, फोटो काढून सोडून द्यायची. पन्नास बेडकांची ऑर्डर दिली आणि जाता जाता त्यानं स्वतःचा ताजा व्हिडिओ तिच्या मोबाइलवर पाठवला.

त्या वेळी तिच्या दारात केरबा बसला होता. जन्म सगळा जाळं टाकण्यात गेलेला म्हातारा. आता गुडघे गेले म्हणून दोन बैल सांभाळून होता आणि त्यांच्यासाठी गोंडे न्यायला आला होता. रत्नव्वानं कौतुकानं मोबाइल त्याच्यापुढं धरला. पाण्यावर ताटाएवढा एक तांबूस डाग थरथरत होता. पिवळा बेडूक हवेतून आला आणि बरोबर डागाच्या मधोमध पडला. पाणी फुटलं. वरदनं हातभर लांबीची मरळ वर काढली, छातीशी धरली, फोटो झाले, माप झालं, तिच्या डोक्याचा मुकाही घेतला, आणि हळूच पाण्यात सोडली.

"बगितलंस केरबामामा? सोडली बग."

केरबानं मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "ते तांबडं काय हाय, ठावं हाय का तुला?"

"शेवाळ असंल."

"पिल्लं हायती ती. मरळीची. हजारभर असत्याली. आईबाप दोगंबी खाली राखत बसत्यात, महिनाभर. खात न्हाईत, हालत न्हाईत. बेडूक आला की त्येंला वाटतंय पिल्लं गिळाया आला. मग येत्यात अंगावर. त्यो बेडूक भुकंसाठी धरत न्हाईत गं ती, पोरांसाठी धरत्यात."

रत्नव्वाच्या हातातला गोंडा थांबला.

"आनि ह्यो भाद्दर तिला काखंत घिऊन फोटू काडतोय, तवर खाली काय हुतंय? चिलापी मासळी येती. दबा धरूनच असती ती. पाच मिन्टात समदं साफ. नंतर सोडली काय आनि न सोडली काय."

केरबा गोंडे घेऊन गेला. रत्नव्वानं तो व्हिडिओ पुन्हा लावला. या खेपेला ती वरदकडं बघत नव्हती, त्याच्या पाठीमागच्या पाण्याकडं बघत होती. वरद मरळीचं माप घेत होता तेव्हा मागं पाण्यावर बारीक बारीक चुबूक-चुबूक उठत होतं. त्यानं मुका घेतला तेव्हा डाग बशीएवढा राहिला होता. त्यानं मासा सोडला तेव्हा मागं नुसतं पाणी होतं, सपाट आणि गढूळ. व्हिडिओच्या शेवटी पिवळा बेडूक पडदाभर दाखवला होता आणि खाली नाव होतं, रत्नव्वा अक्का, कळंबा.

आपलं नाव वाचून इतका राग माणसाला येऊ शकतो हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं चुलीवरची शिशाची पळी अंगणात भिरकावली. शिसं जमिनीवर सांडून थिजलं. शिवानंद धावत बाहेर आला, सगळं ऐकलं आणि घरच्या कानडीत हळूच म्हणाला, "बिडू, रत्ना. बिडू." सोडून दे. बावीस वर्षांच्या मागावर पाणी पडलं त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता.

"तुमी सोडा," ती म्हणाली. "मला सोडाया येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी वरद रंगाचं काही सांगायला म्हणून आला आणि तावडीत सापडला.

"वरदा, ती पिल्लं हुती, हे तुला म्हाईत हुतं?"

"हो." तो जरासुद्धा गडबडला नाही. "सगळ्यांनाच माहीत असतं अक्का. पिल्लांवरची मरळ हमखास येते. म्हणून तर स्पर्धा पावसाळ्यात ठेवलीय."

"हमखास!"

"पण मी सोडतो ना! तुम्ही विभूती ठेवून शपथ घातली होती, धरीन तो सोडीन. तीन वर्षांत एक मासा मेला नाही माझ्या हातून. कुणालाही विचारा."

आणि इथं रत्नव्वाची पंचाईत झाली. पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्यानं शपथ मोडली असती तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्यानं शपथ अक्षरन्‌अक्षर पाळली होती. लंगडी होती ती शपथच, आणि ती तिनं स्वतः घातलेली. माशाचं काही ठाऊक नसताना माशाच्या जिवाचा कायदा करायला ती बसली होती. वरदवरचा निम्मा राग तिच्या स्वतःच्या अंगावर उलटला आणि ती गप्प झाली. गप्प रत्नव्वा बघायची वरदला सवय नव्हती. त्याला वाटलं, आपण जिंकलो. म्हणून तो हसून पुढं बोलला, "आणि अक्का, तुम्ही तर मासे खातसुद्धा नाही. तुम्हाला एवढं काय त्यांचं?"

बस्स. मग मात्र गल्लीतल्या पाच घरांची दारं उघडली.

"खात न्हाई म्हनून मला काय न्हाई? आरं, खानारा परवडला! केरबानं जल्मभर मासं मारलं, पर पिल्लांवरच्या मरळीवर जाळं टाकलं न्हाई कवा. त्येचं पोट हुतं त्येच्यावर. तुझं काय हाय? डबा खाऊन यितोस, तिची पोरं मारतोस आनि तिचा मुका घितोस! वर माझं नाव लावतोस! चल, ऊठ! भाईर हो!"

वरद चप्पल हातात घेऊनच रस्त्यावर गेला. तिथून त्यानं चाचरत विचारलं, "मग... ऑर्डर?"

"पन्नास म्हनलोय नव्हं? पन्नास देतो. रत्नव्वाचा शबूद हाय. जा आता!"

शब्द दिला म्हणून तिला पन्नास बेडूक करायचेच होते. आणि पन्नास बेडूक खणीत पडले तर काय होईल, हेही आता तिला दिसत होतं. केरबाच्या म्हणण्याप्रमाणं खणीत यंदा तीन तांबडे डाग होते. तीन जोडपी. पन्नास गळ. दोन दिवस ती जेवणावर राग काढत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी केरबाच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"मामा, मरळीला शानी करता येती का?"

"मंजे?"

"ह्यो बेडूक खोटा हाय, हे तिला शिकीवता येतंय का?"

केरबा शेणाचा हात तसाच धरून तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "फसलेली मरळ चार-सा येळला वळखती. माज्या बाच्या काळात एक हुती, जाळं बगून सरकायची. पर गळ लागाया नगं. गळ लागला तर ती पिल्लं सोडून पळती."

"गळ घालतोय कोन?"

तिनं घरी येऊन एक पिवळा बेडूक केला, तिच्या हातचा आजवरचा सगळ्यात देखणा, आणि त्याला गळच लावला नाही. केरबानं वेळूची काठी दिली, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधून दिला आणि काठावर कुठं उभं राहायचं ते दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा रत्नव्वानं मासे धरायची काठी हातात घेतली. मनात तीनदा शिवाचं नाव घेतलं आणि बेडूक तांबड्या डागाच्या कडेला टाकला.

पाणी असं फुटलं की ती दचकून मागं सरली. तंगुसातून झटका तिच्या मनगटात, मनगटातून खांद्यात आला. मरळीनं बेडूक धरला, झटकला, थुंकला, आणि पुन्हा येऊन धरला. तीन वर्षं रत्नव्वाला वाटत आलं होतं, की दोऱ्याच्या त्या टोकाला भूक असते. ही भूक नव्हती. भुकेला असा दम नसतो. हा राग होता. दारात उभं राहून मागं काय आहे ते राखणाऱ्याचा राग. तो तिला ओळखता येत नसेल तर कुणाला येणार? ती काठावर उभी राहून रडली आणि रडता रडता वरदला, स्पर्धेला, स्वतःला अशा काही शिव्या दिल्या, की केरबानं बैलांचं निमित्त करून काढता पाय घेतला.

मग रोजचा नेमच झाला. सकाळी देवपूजा झाली की खण. तिन्ही डागांवर आळीपाळीनं बेडूक. दुपारी घरी येऊन स्पर्धेचे बेडूक बांधायचे, त्यांना गळ लावायचे, उलटे काटे दाबायचे. एका हातानं बांधायचं आणि दुसऱ्या हातानं उसवायचं, असं ते बारा दिवस चाललं. आपल्याच बेडकाची अब्रू ती खणीत रोज थोडी थोडी घालवत होती. पहिले चार दिवस मरळी तुटून पडायच्या. सहाव्या दिवशी एकीनं नुसता धक्का दिला. नवव्या दिवशी दुसरी खालून वर आली, बेडकाच्या नाकाशी थांबली, आणि वळून गेली. शेवटची तिसऱ्या डागाची म्हातारी मरळ मात्र अकराव्या दिवसापर्यंत ऐकेना. रत्नव्वा तिला काठावरून ओरडायची, "आगं खुळे, किती येळा सांगू तुला? खोटा हाय त्यो! मीच केलाय!" अकराव्या दिवशी तिनंही तोंड फिरवलं. त्या दिवशी रत्नव्वा घरी आली ती जेवली आणि दुपारभर झोपली. शिवानंदनं दारातले गोंडे बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला खुणेनंच परत पाठवलं.

शनिवारी वरद पन्नास बेडूक घेऊन गेला. रांगोळीसारखे नीट मांडलेले, एकाही पायाची लांबी चुकलेली नव्हती. त्यानं चार उलटसुलट करून बघितले आणि त्याला म्हणायला काही जागा सापडली नाही. माल चोख होता. खोट होती ती पाण्यात.

रविवारी खणीवर गाड्याच गाड्या लागल्या. मांडव, चहा, कर्णा, टोप्या घातलेले पन्नास जण. रत्नव्वा आणि केरबा पलीकडच्या काठाला दगडावर बसले. शिट्टी झाली आणि पन्नास पिवळे बेडूक हवेत उडाले. अर्ध्याहून जास्त सरळ त्या तीन तांबड्या डागांवरच पडले. सगळ्यांनाच माहीत असतं, वरद म्हणाला होता ते खरंच होतं. रत्नव्वा दगडावरून अर्धी उठली. हजारदा सांगून कबूल केलेलं पोरसुद्धा ऐन वेळेला विसरतं. ही तर मरळ. पाण्यात काळी सावली वर आली. बेडकाजवळ थांबली. आणि खाली गेली.

तासाभरानं लोक कुरबुरू लागले. दोन तासांनी शिव्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत पन्नास जणांत मिळून दोन चिलापी आणि एक शेवाळाचा भारा निघाला. कुणीतरी कर्ण्यावरूनच म्हणालं, की हे देशी बेडूक बोगस आहेत. सगळ्या खणीनं ते ऐकलं. तीन वर्षांत कमावलेलं नाव तिच्यासमोर पाण्यात गेलं, आणि ते तिला लागलंच. खोटं कशाला सांगायचं? तिच्या हाताची मूठ वळली होती. बेडूक बोगस नव्हता, हे ओरडून सांगावं असं तिला वाटलं. ती ओठ दाबून बसून राहिली.

वरद वळसा घालून तिच्यापर्यंत आला. घामाघूम, तोंड उतरलेलं. हातातला पिवळा बेडूक त्यानं तिच्यापुढं दगडावर टाकला.

"फेल गेला अक्का. पन्नास जणांपुढं. आता तुमचा बेडूक कोण घेणार?"

"कुनी घिऊ नये म्हनूनच बारा दिस राबलोय," रत्नव्वा म्हणाली.

वरदला आधी कळलं नाही. त्यानं केरबाकडं बघितलं, केरबाच्या मांडीवरच्या वेळूच्या काठीकडं बघितलं, काठीच्या टोकाला लोंबणाऱ्या, पाय झिजलेल्या बेडकाकडं बघितलं. त्या बेडकाला गळ नव्हता. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. पण हौस माणसाला काही सुचू देत नाही. तो जवळजवळ लाडात येऊन म्हणाला, "बरं, राहू दे बेडूक. अक्का, उंदीर बनवाल का? सुताची शेपटी, काळा रंग. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

रत्नव्वानं बेडूक उचलला, पदराला पुसला. समोर पाण्यावर तांबडा डाग थरथरत होता, ताटाएवढा, पुरता. त्याच्या कडेला मरळीनं नाक वर काढून श्वास घेतला आणि ती परत खाली जाऊन बसली.

"बनीवतो की," रत्नव्वा म्हणाली. "पर तुझ्या आदी तिला दावणार."